पळसाची लाख आणि विजेची यंत्रे

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीच्या परिसरात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस दिसत राहतो. त्याच्या फुलांचा होळीचा रंग आणि पानांच्या पत्रावळी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण याच झाडावर पिकणाऱ्या लाखेने शंभर वर्षांपूर्वी जगभरच्या विजेच्या यंत्रांचे भाग चिकटवून धरले होते, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो.

लाख हा किड्याचा स्राव. त्याची बारीक तांबडी पिले कोवळ्या डहाळीत सोंड खुपसून रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच उभारतात. पळसावर आणि बोरीवर वाढते ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. रंगीनीच्या मोठ्या पिकासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बियाण्याच्या काड्या फांद्यांना बांधायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाशी लाख उतरवायची. म्हणजे पेरणीला पैसा लागतो नेमक्या त्या वेळी ती विकायला तयार. धानाच्या मुलखात अशा पिकाचे मोल मोठे होते.

गावाला लाख आधीपासून लागत होतीच. लखेरी तिच्या बांगड्या करत, सोनार नक्षीकामासाठी दागिना तिच्यात रोवून धरत, चाकूचे पाते मुठीत ती वितळवून पक्के बसे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील 1916 च्या ग्रंथात लखेऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

रेल्वे आली आणि हा माल दूर निघाला. बंगाल-नागपूर रेल्वेने या भागाला कलकत्त्याशी जोडले. 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या गोंदियात लाखेचे कारखाने उभे राहिले. जुनी रीत अशी: लाख कुटून, धुऊन, वाळवून लांब कापडी पिशवीत भरायची, पिशवी कोळशाच्या भट्टीसमोर धरून पिळायची, की कापडातून वितळलेली लाख बाहेर पाझरते. ती गरम असतानाच कारागीर हात, पाय आणि दात लावून तिचा पातळ पत्रा ताणत. त्याचे तुकडे म्हणजे चपडा. भट्टीच्या धगीत दातांनी ताणलेला हा माल मग परदेशी कारखान्यांत जाई.

तिथे त्याची गरज वीजयुगाने वाढवली होती. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, जास्त वेळ तापवला की घट्ट होतो आणि वीज अडवतो. 1890 च्या दशकात अभ्रकाचे पापुद्रे चपड्याने चिकटवून मायकानाइट तयार होऊ लागले. जनित्रांत आणि मोटारींत विद्युतरोधक म्हणून ते बसले. बल्बची काच पितळी टोपीला चिकटवणाऱ्या लुकणातही चपडा असे. ग्रामोफोनच्या तबकड्यांत तो होताच, आणि कलकत्त्यात 1908 पासून तबकड्या निघू लागल्या.

मागणी एवढी, की लाखेला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये बेकेलाइट बनवले. तरीही लाख लगेच हटली नाही. 1942 मध्ये अमेरिकेने युद्धासाठी चपडा राखून ठेवला आणि तबकड्यांना मिळणारा वाटा सत्तर टक्क्यांनी कापला. रांचीजवळ नामकुमला 1920 च्या दशकातच लाख संशोधन संस्था निघाली होती.

डहाळी उतरवणाऱ्याच्या हाती यातले किती आले, हा प्रश्न टोचतो. भाव कलकत्त्यात आणि लंडनमध्ये ठरे. 1935 मध्ये लंडनच्या सटोडियांचा मिरी आणि लाख साठवून भाव फुगवण्याचा डाव कोसळला. ज्या सौद्यांत झाड राखणाऱ्याचा शब्दच नव्हता, त्यांवर त्याची पेरणी अवलंबून राहणे हा उघड अन्याय होता.

1946 मध्ये बाझलच्या जत्रेत सिबा कंपनीने लाखेची जागा घेणारे अॅराल्डाइट हे इपॉक्सी मांडले. इपॉक्सीने धातू जोडला, ट्रान्सफॉर्मरची वेटोळी त्यातच ओतून बंद होऊ लागली. आज सर्किट बोर्डावरचे काही भाग इपॉक्सीने नाहीतर सिलिकोनने धरलेले असतात. चपडा मात्र औषधी गोळ्यांवरच्या लेपात आणि फळांवरच्या चकाकीत टिकून आहे, आणि नामकुमच्या संस्थेत लाखेवरचे संशोधन अजून चालू आहे.