मातेचे वय, शिक्षण आणि बालकांतील स्वमग्नतेचे निदान

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अवस्था असून तिची लक्षणे बालपणीच दिसू लागतात. इतरांशी संवाद साधण्यातील अडचणी आणि त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती ही तिची मुख्य लक्षणे होत. तिच्या निदानासाठी रक्ताची वा क्ष-किरणांची चाचणी नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेली हकिकत यांवरून निदान केले जाते. त्यामुळे स्वमग्नता असणे आणि तिचे निदान होणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. मातेच्या वयाचा संबंध प्रामुख्याने पहिलीशी, तर शिक्षणाचा प्रामुख्याने दुसरीशी येतो.

मातेचे वय

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, इस्रायल व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील ५७ लाखांहून अधिक बालकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. विशीतील मातांच्या मुलांच्या तुलनेत चाळिशीतील मातांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण १५ टक्क्यांनी अधिक आढळले. हजार मुलांमागे दहा हे मूळ प्रमाण धरले, तर ते साडेअकरा होते, एवढाच या वाढीचा अर्थ. वीस वर्षे पूर्ण न झालेल्या मातांच्या मुलांत ही वाढ १८ टक्के होती आणि पन्नाशी ओलांडलेल्या पित्यांच्या मुलांत ६६ टक्के. पुरुषाच्या वयाबरोबर शुक्रपेशींतील नवी जनुकीय उत्परिवर्तने वाढत जातात, हे याचे एक कारण मानले जाते.

चर्चेत मात्र ‘करिअरसाठी उशिरा आई झालेली स्त्री’ तेवढी येते. पित्याचे वय आणि अल्पवयीन मातृत्व बाजूला राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांच्या आत झाला होता. अधिक शिकलेल्या स्त्रियांचे विवाह व बाळंतपणे सहसा उशिरा होतात. त्यामुळे वय आणि शिक्षण यांचे परिणाम आकडेवारीत एकमेकांत मिसळतात व ते वेगळे काढावे लागतात.

मातेचे शिक्षण

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे पालक बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यातून स्वमग्नता हा सुशिक्षितांच्या घरचा विकार, असा समज रुजला. पुढे आईच्या मायेतील कोरडेपणाला दोष देणारे मत पसरले व ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील ग्रंथात त्याला बळ दिले. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याचे साधार खंडन केले होते. तरीही अनेक मातांनी हा दोष वर्षानुवर्षे सोसला.

लॉर्ना विंग यांनी १९८० मध्ये लंडनच्या कँबरवेल भागातील पाहणीच्या आधारे दाखवले की, वस्तीतील मुले शोधून काढली असता सामाजिक वर्गाचा फरक उरत नाही. तो तज्ज्ञांकडे आपणहून येणाऱ्यांतच दिसतो. अमेरिकेत दीर्घकाळ सुस्थित कुटुंबांत निदान अधिक होत असे. उलट, सर्वांना आरोग्यसेवा मिळणाऱ्या स्वीडनमधील २०१२ च्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत प्रमाण अधिक आढळले.

मुंबईतील स्थिती

परळ-चिंचपोकळी या जुन्या गिरणगावात सेवांची वानवा नाही. चिंचपोकळी स्थानकाजवळ ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र (स्थापना २००१) आहे. परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय व के. ई. एम. रुग्णालय, तर शिवडीला १९४४ पासूनची जय वकील शाळा आहे. पण अंतर केवळ किलोमीटरचे नसते. रोजंदारीवरच्या आईला बाह्यरुग्ण विभागातील प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. शिवाय ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे वाक्य वर्ष-दोन वर्षे सहज घालवते. हाक मारल्यावर वळून न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे या खुणांविषयी वाचलेली आई लवकर शंका घेते आणि ती डॉक्टरांना उमजेल अशा शब्दांत मांडते. दुसरीला तेच दिसत असते, पण तिच्या ‘हट्टी आहे, आपल्याच नादात असतो’ या सांगण्यातून नेमके कोणी विचारले नाही, तर काही निष्पन्न होत नाही.

म्हणूनच मुलांपर्यंत जाऊन केलेल्या पाहण्या महत्त्वाच्या ठरतात. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली (निष्कर्ष २०१८). तीत दर शंभर मुलांमागे सुमारे एकात स्वमग्नता आढळली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून स्वमग्नतेचाही समावेश आहे. येथे आईच्या शिक्षणाची अट आपोआप गळते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार स्वमग्नता ही मान्य दिव्यांगता आहे. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी (‘इसा’) ४० बाबींची असून ७० पेक्षा कमी गुण सामान्य मानतात. यांतील अनेक बाबींचे गुण पालकांच्या उत्तरांवर ठरतात, त्यामुळे प्रश्न त्यांच्या बोलीत, घरातल्या उदाहरणांसह विचारणे हा तपासणीचाच भाग असतो.