रंगहीन पदार्थांचे वर्णलेखन

शेंगदाण्याचे तेल दिसायला एकजिनसी असते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते एक मिश्रण आहे. ग्लिसरॉल आणि निरनिराळी वसाम्ले यांच्या संयोगाने झालेली अनेक एस्टरे त्यात एकत्र नांदत असतात. ही सारी एकमेकांसारखी असल्यामुळे त्यांना वेगळे करणे फार अवघड जाते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८११ पासून साबणातून वसाम्ले मोकळी करून स्फटिकीकरणाने ती वेगळी केली आणि १८२३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र हे काम अतिशय वेळखाऊ होते. ओलेइक आम्लासारखी द्रवरूप आम्ले तर अशा रीतीने शुद्ध करणे फारच जिकिरीचे होते.

याहून सोपी वाट एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवली. मिखाईल त्स्वेत हे १९०३ साली वॉर्साला काम करीत होते. त्यांनी काचेच्या नळीत खडूची बारीक पूड भरली, तीवर हिरव्या पानांचा अर्क ओतला आणि वरून विद्रावक सोडत राहिले. अर्क खाली सरकता सरकता त्याचे हिरवे आणि पिवळे पट्टे अलग झाले. जे रंगद्रव्य खडूच्या पृष्ठभागाला अधिक चिकटते ते मागे रेंगाळते, जे कमी चिकटते ते पुढे निघून जाते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. १९०६ साली त्स्वेत यांनी या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, असे नाव दिले. गंमत अशी, की रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थच ‘रंग’ असा आहे.

परंतु रसायनशास्त्रज्ञांनी तिची फारशी दखल घेतली नाही. हातात स्फटिक आल्याशिवाय पदार्थ शुद्ध मानायचा नाही, असा तो काळ होता. नळीतल्या पुडीमुळे रंगद्रव्यांत बदल होत असावा, अशीही शंका घेतली गेली. १९१९ साली त्स्वेत वारले, तेव्हा त्यांची पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९३१ साली हायडेलबर्ग येथे कून, विंटरस्टाइन आणि लेडरर यांनी तिच्या साहाय्याने कॅरोटिनसारखी रंगद्रव्ये वेगळी केली आणि मग तिचा प्रसार झाला.

तरीही एक प्रश्न उरलाच. वसाम्लांना रंग नसतो. मग त्यांचे पट्टे दिसणार कसे?

याचे एक उत्तर लोकरीवरील संशोधनातून मिळाले. इंग्लंडमधील लीड्स येथे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीच्या प्रथिनातील अमिनो आम्लांचा अभ्यास करीत होते. त्यांनी स्तंभात भरले सिलिका जेल. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषण्यासाठी ठेवलेली पुडी असते ना, तोच हा पदार्थ. त्यांनी जेलमध्ये पाणी धरून ठेवले आणि त्यावरून क्लोरोफॉर्म वाहू दिला. ॲसिटिल गट जोडलेली अमिनो आम्ले या दोन द्रवांत कमीअधिक प्रमाणात विभागली जात आणि त्यामुळे वेगवेगळ्या वेगाने खाली येत. जेलमध्ये मिथिल ऑरेंज हे दर्शक मिसळलेले असल्याने आम्ल जिथे असेल तिथे तांबडा पट्टा उमटे. १९४१ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि १९५२ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९५२ साली मार्टिन आणि जेम्स यांनी वाहता द्रव काढून त्याजागी वायू वापरला आणि फॉर्मिक आम्लापासून बारा कार्बनच्या आम्लापर्यंतची वसाम्ले वेगळी करून दाखवली.

वसायुक्त पदार्थांसाठीही सिलिकाचे स्तंभ वापरात आले. १९५८ साली हिर्श आणि आरेन्स यांनी त्याची पद्धतशीर रीत मांडली. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. एस्टरातील ऑक्सिजनशी ते हायड्रोजन बंधाने जोडले जातात. हायड्रोकार्बनांजवळ असा ऑक्सिजन नसल्याने ती सर्वांत आधी बाहेर पडतात. विद्रावकातील ईथरचे प्रमाण वाढवत नेले, की कोलेस्टेरॉलची एस्टरे, मग ग्लिसरॉलची त्रि-एस्टरे आणि नंतर कोलेस्टेरॉल, असे गट क्रमाने उतरतात.

पण मिथिल स्टिअरेट आणि मिथिल ओलिएट यांचे काय? दोन्हींत अठरा कार्बनचे आम्ल आणि एकच एस्टर गट. फरक फक्त एका द्विबंधाचा. नुसत्या सिलिकाला तो जवळजवळ जाणवत नाही. १९६२ साली मॉरिस आणि डी व्हरीस यांनी सिलिकात सिल्व्हर नायट्रेट मिसळून ही अडचण दूर केली. मॉरिस यांनी काचेवरील पातळ थर वापरला, तर डी व्हरीस यांनी स्तंभ. चांदीचा आयन द्विबंधाशी तात्पुरती जवळीक करतो. त्यामुळे संतृप्त एस्टर आधी, एक द्विबंधाचे त्यामागून आणि दोन द्विबंधांचे त्याच्याही मागून येते. इतकेच नव्हे, तर ट्रान्स रूप सिस रूपाच्या पुढे निघते.

हा फरक आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करून वनस्पती तूप बनवताना ट्रान्स वसाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला अपायकारक आहेत. भारतात तेल आणि वनस्पती तुपातील त्यांच्या प्रमाणावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. मोजल्याखेरीज असा नियम पाळला जातो की नाही हे कळणार कसे? आज हे मोजमाप मुख्यतः वायू वर्णलेखनाने होते. सिस आणि ट्रान्स यांची सरमिसळ होत असेल, तिथे चांदीयुक्त स्तंभ मदतीला येतो.

वर्गात शाईचा ठिपका दिलेली खडूची कांडी थोड्या पाण्यात उभी करून पट्टे दाखवता येतात. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे, शाई रंगहीन असती तर तिचे घटक वेगळे झाले हे तुम्ही कसे ओळखले असते? त्स्वेत यांच्यानंतरच्या संशोधकांपुढे हाच प्रश्न होता.