सोळा आण्यांचे पीक

आणा चलनातून जाऊन साठ वर्षे उलटली, तरी नांदेड-लातूरकडचा शेतकरी पावसाळा सरता सरता तलाठ्याला हटकून विचारतो, "औंदा आणेवारी किती लागली?" सरकारी कागदावर तिला पैसेवारी म्हणतात. ती पन्नास पैशांच्या आत आली, तर गावाला टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते. एका पैशाने वर गेली, तर अडते.

हिशेब सोपा आहे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. अर्धे आले तर आठ. 1876-78 च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केल्यावर 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि 1883 पासून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. पण आणेवारीचे खरे काम महसूल खात्यात होते. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षीचा सारा तहकूब होई. 1918 चा खेडा सत्याग्रह याच आकड्यावर लढला गेला. पीक चार आण्यांच्या आत आहे, असे शेतकरी सांगत होते. चारच्या वर आहे, असे सरकारी दप्तर म्हणत होते. गांधीजी आणि वल्लभभाई त्या वादात उतरले. सरकारने आपली वसुली कधी थांबवायची, एवढ्यासाठी हे माप जन्मले. शेतकऱ्याच्या घरात पुढच्या पेरणीपर्यंत काय उरते, हे या मापाने कधी मोजलेच नाही, आणि त्याचा दोष आजही तोच आहे.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथल्या हाली रुपयाचेही सोळाच आणे. 1956 मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला, 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले. 1963 मध्ये तर महाराष्ट्राने कायदा करून राज्यातील कायद्यांतून 'दुष्काळ' काढला आणि त्या जागी 'टंचाई' ठेवली.

आकडा निघतो शिवारात. गावच्या समितीत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच आणि शेतकरी असतात. निवडलेल्या शेतात दोरी लावतात, खुंट्या ठोकून चौकोन आखतात, तेवढेच पीक कापून, मळून वजन करतात आणि ते ठरलेल्या प्रमाण उत्पादनाशी ताडून पाहतात. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. अंतिम आकडा येतो डिसेंबरात. तोवर सोयाबीन मोंढ्यात विकून झालेले असते आणि सावकाराचा माणूस दारात येऊन गेलेला असतो.

2015 च्या ऑक्टोबरात राज्याने 14,708 गावांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर केली. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हाही कागदावर 'दुष्काळसदृश'च होते. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर मे महिन्यात त्या जागी 'दुष्काळ' आला. त्याच महिन्यात स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दुष्काळाची नियमावली सुधारायला सांगितले.

त्यातून 2016 ची संहिता आली. आता आधी पाऊस आणि पावसातला खंड पाहतात. मग पेरणी, मातीतला ओलावा, धरणे आणि भूजल, उपग्रहाला दिसणारा हिरवेपणा. शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. निर्णय ऑक्टोबरअखेर होतो, म्हणजे पैसेवारीपेक्षा लवकर, ही जमेची बाजू. पण गाव मागे पडले आणि तालुका हे एकक झाले. ऑगस्ट 2023 इतका कोरडा गेला की 1901 पासून देशात तसा ऑगस्ट नव्हता. त्या वर्षी दुष्काळ जाहीर झालेल्या 40 तालुक्यांत लातूर जिल्ह्यातला एकटा रेणापूर होता, नांदेडचा एकही नव्हता. ओरड झाल्यावर हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. ऐन दाणे भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, तर सोयाबीन वरून हिरवेगार दिसते आणि शेंगा पापडीसारख्या चपट्या राहतात. उपग्रहाला पाने दिसतात. शेंग सोलून बघायला बांधावरच यावे लागते.

2025 मध्ये उलटे झाले. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव पाण्यात गेली आणि सप्टेंबरात मराठवाडाभर पिके सडली. लोकांनी 'ओला दुष्काळ' जाहीर करा म्हटले. नियमावलीत तशी तरतूद नाही, असे सरकारने सांगितले आणि ऑक्टोबरात दुष्काळाच्याच सवलती पूरग्रस्तांना लागू केल्या. सवलती म्हणजे जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट, मुलांची परीक्षा फी माफ. द्यायचे तेच होते, तर मागणाऱ्याला नियमावली दाखवण्यात दिवस का घालवले?

पैसेवारी उशिरा येते आणि तिचा जन्म वसुलीच्या सोयीसाठी झाला, हे खरे. तरी तिने माणूस शेतात उभा केला आणि निवाडा गावापुरता ठेवला. नव्या संहितेत या दोन गोष्टी परत आणल्याच पाहिजेत. तोवर शेतकऱ्यांना एवढेच सांगणे: पीक कापणीच्या दिवशी खुंट्यांजवळ हजर राहा, वजन स्वतः पाहा आणि पटले नाही तर हरकत लेखी द्या, पोच घ्या.