चोपडा, बाड आणि जुज : भेस्तानच्या परिसरातील पुस्तकबांधणी

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवसारी, मरोली आणि सचिन ही स्थानके मागे पडल्यावर उधन्याच्या अलीकडे भेस्तान लागते. आज सुरत महानगराच्या दक्षिण भागात सामावलेली ही वस्ती यंत्रमाग आणि कापडप्रक्रियेच्या उद्योगांसाठी, तसेच त्या उद्योगांत कामाला आलेल्या खानदेशी, ओडिया आणि उत्तर भारतीय कुटुंबांसाठी ओळखली जाते; ग्रंथांच्या इतिहासात तिचे नाव आढळत नाही. तरीही हाताने पुस्तक बांधण्याच्या निरनिराळ्या परंपरा ज्या पट्ट्यात एकमेकींच्या शेजारी नांदल्या, त्याच पट्ट्यात भेस्तान वसलेले आहे. त्याच्या उत्तरेला सुरतेच्या पेढ्यांतील हिशेबाचे चोपडे आहेत, दक्षिणेला नवसारीच्या पारशी दस्तुरांची, म्हणजे धर्मगुरूंची, हस्तलिखिते आहेत, आणि उधन्याहून पूर्वेकडे फुटणाऱ्या तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने जोडलेल्या खानदेशात पोथ्या आणि बाडे आहेत. अलीकडे शहरोशहरी हाताने वही किंवा पुस्तक बांधायला शिकवणाऱ्या कार्यशाळा भरू लागल्या आहेत. त्यांत शिकवले जाणारे कसब कोठून आले आणि कोणते कसब त्यांच्या उंबऱ्याबाहेरच राहिले, याचा शोध या पट्ट्याच्या इतिहासातून चांगला घेता येतो.

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे, कारण मराठीत पुस्तकाच्या प्रत्येक आकाराला स्वतंत्र नाव आहे आणि त्या नावातच त्याच्या बांधणीची, किंवा बांधणी नसण्याची, ओळख दडलेली आहे. पोथी म्हणजे सुट्या आडव्या पानांचा संच. तो दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडाच्या बासनात गुंडाळला जातो. एखादे प्रकरण ‘बासनात गुंडाळले’ असे म्हणताना हीच क्रिया मनात असते, तर ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार पोथीतील चुकीच्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देऊन ती झाकण्याच्या लेखकांच्या रीतीतून आला आहे. पोथीचे पान ताडपत्राच्या आकाराची आठवण जपते, आणि चामड्याचा स्पर्श सोवळ्यात चालत नसल्यामुळे शिवून चामड्यात बांधलेला ग्रंथ देवघरात येणे कठीणच होते. वहीची गोष्ट वेगळी आहे. वही शिवलेली असते, ती रोजच्या वापरातली असते आणि ती कोरी जन्माला येते. तुकोबांच्या अभंगांना महाराष्ट्र वह्यांच्या रूपानेच ओळखतो. गुजरातीतही हाच शब्द हिशेबासाठी आणि वंशावळीसाठी रूढ असून वंशावळी लिहून ठेवणाऱ्या व वाचून दाखवणाऱ्या बारोटांना तेथे ‘वहीवंचा’ म्हणतात. बाड म्हणजे मऊ वेष्टनात शिवलेली, कीर्तनकाराने किंवा मठातील शिष्याने पदे, अभंग आणि टिपणे उतरवून ठेवलेली जाड वही. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची अशी बाडे मोठ्या संख्येने जतन केलेली आहेत.

सुरतेची खरी पुस्तकशाळा मात्र मठात किंवा देवळात नव्हती. ती पेढीवर होती. व्यापाऱ्याचा चोपडा ही वस्तू वरवर साधी दिसते, परंतु तिच्या रचनेत शतकांचा विचार साठलेला आहे. लांबट कागदांची थप्पी मधोमध मोडून तिचा एकच जाड गठ्ठा करायचा, घडीच्या रेषेवर जाड दोऱ्याने तो वेष्टनासकट शिवायचा, वेष्टनाला आतून अस्तर आणि बाहेरून खारवा, म्हणजे जाडेभरडे लाल सुती कापड, लावून त्यावर पांढऱ्या दोऱ्याची टीप मारायची आणि शेवटी गुंडाळून बांधण्यासाठी एक नाडी जोडायची, अशी ही बांधणी आहे. तिला कठीण पुठ्ठा लागत नाही, सरस लागत नाही आणि कण्याला गोलाई देण्याची हातोडीही लागत नाही. कणा म्हणजे पुस्तकाची पाने जेथे एकत्र येतात ती पाठ. चोपड्याचा कणा मऊ असल्यामुळे तो गादीवर पूर्ण उघडा राहतो आणि मांडी घालून बसलेल्या मुनिमाला दोन्ही हात मोकळे ठेवून लिहिता येते.

या कागदावर छापील किंवा आखलेल्या रेघा नसत. पान उभे मोडत मोडत त्याचे सारखे भाग पाडले जात, आणि घडीने उमटलेल्या या वळांना गुजरातीत ‘सळ’ म्हणतात. देशी नामे, म्हणजे हिशेब लिहिण्याची भारतीय पद्धत, या सळांवरच उभी आहे : डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे, प्रत्येक अंगातील पहिल्या सळात एकूण रक्कम आणि पुढच्या सळांत तिचा तपशील. मराठी पेढ्यांवरील कीर्द आणि खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आणि त्यांवरून खातेवार उतरवलेली वही, याच घराण्यातल्या आहेत. कागद मोडणाऱ्याची घडी जर वाकडी पडली तर वर्षभराचा हिशेब वाकडा दिसणार, हे जाणूनच चोपडा बांधणारा हात तयार होत असे. येथे बांधणी आणि लेखन ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

मधोमध शिवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते विश्वासाचे आहे. एका घडीत शिवलेल्या गठ्ठ्यातील प्रत्येक पान दुसऱ्या अर्ध्या भागातील एका पानाशी जोडलेले असते, म्हणून एखादे पान फाडून काढले की त्याचे जोडपान सुटते आणि लबाडी उघडी पडते. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या 34 व्या कलमाने व्यवहाराच्या ओघात नियमितपणे लिहिलेल्या हिशेबाच्या पुस्तकांतील नोंदी पुराव्यासाठी प्रस्तुत मानल्या, मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावर दायित्व लादता येणार नाही अशी अटही घातली. या कलमातील ‘पुस्तक’ या शब्दाचा अर्थ पुढे 1998 साली जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने पुस्तक म्हणजे एकत्र बांधलेल्या कागदांचा संच असा अर्थ लावून सुट्या कागदांना पुस्तक मानण्यास नकार दिला. दोरा आणि दाभण यांनी केलेल्या कामाला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिलेली ही मान्यता पुस्तकबांधणीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पेढीच्या पलीकडे सुरतेत ग्रंथांची इतर घराणीही होती. 1758 ते 1761 या काळात सुरतेत राहून आँकेतील द्युपेरों या फ्रेंच अभ्यासकाने पारशी दस्तुरांकडे अवेस्ताचे अध्ययन केले आणि 1762 साली पॅरिसला परतताना तो 180 हस्तलिखिते घेऊन गेला. नवसारीत 1872 साली स्थापन झालेल्या मेहेरजीराणा ग्रंथालयात या परंपरेतील हस्तलिखिते आजही आहेत. दाऊदी बोहरा समाजाच्या सुरतेतील विद्यापीठामुळे अरबी ग्रंथांची नक्कल आणि बांधणी या नगरात चालत आली. ‘जुज’ हा मूळचा अरबी शब्द मराठी बांधणीकाराच्या बोलीत आला तो अशाच संपर्कातून. जुज म्हणजे एकात एक घातलेल्या काही मोडलेल्या कागदांचा लहान गठ्ठा, आणि असे अनेक जुज एकामागून एक शिवून जाड पुस्तक तयार करणे म्हणजे जुजबंदी. चोपड्याच्या एका गठ्ठ्याला जाडीची मर्यादा पडते. जुजबंदीला ती पडत नाही.

जैनांनी मात्र छपाईच्या युगातही पोथीचा आकार सोडला नाही. सुरतेच्या शेठ देवचंद लालभाई जैन पुस्तकोद्धार फंडाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध केलेले अनेक ग्रंथ मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात, परंतु सुट्या आडव्या पानांच्या ‘प्रताकारात’ छापले गेले. मराठी मुद्रकाने ओतलेला देवनागरी टाइप, सुरतेचा पैसा आणि बांधणीशिवायचा प्राचीन आकार यांचा हा संगम आहे.

छपाईची इच्छा सुरतेत याच्या कितीतरी आधी जागी झाली होती. ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतील दलाल भीमजी पारेख याने 1670 साली प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापण्यासाठी एक कुशल मुद्रक पाठवावा अशी विनंती कंपनीमार्फत केली आणि त्यानुसार 1674 साली हेन्री हिल्स मुंबईत पोहोचला. हिल्सला छापता येत होते. अक्षरांचे साचे कोरता येत नव्हते. अ. का. प्रियोळकरांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात भारतातील छापखान्याचा इतिहास मांडताना हे प्रकरण तपशिलाने दिले आहे. हस्तकौशल्याच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्याने त्याकडे अवश्य पाहावे, कारण एका कारागिराला बोलावले म्हणजे अख्खा धंदा येत नाही, ही गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकात लंडन मिशनरी सोसायटीचा छापखाना सुरतेत सुरू झाला. 1842 साली दुर्गाराम मेहताजी यांनी पुस्तक प्रसारक मंडळी स्थापन करून शिळाछापाचा आश्रय घेतला, आणि 1844 साली त्यांच्यासह ज्यांनी मानवधर्म सभा उभी केली त्यांत सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मराठी व्याकरणकारही होते. छापखान्याने बांधणीचे रूप बदलले. एका मोठ्या कागदावर अनेक पाने छापून त्याच्या घड्या घातल्या की फर्मा तयार होतो, म्हणजे जुजाची घडी आता बांधणाऱ्याच्या मर्जीने पडत नाही, ती यंत्राच्या हिशेबाने आधीच ठरलेली असते. कचेऱ्यांत दफ्तरी नावाचा नोकर आला. तो कागद आखी, लेखण्या सांभाळी आणि नोंदवह्या बांधी. त्याचे शिक्षण कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. शिकाऊ पोराने आधी खळ शिजवावी, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचा हे डोळ्यांनी शिकावे, मग घड्या घालाव्यात, मग शिवावे, आणि धारदार पात्याशी सर्वांत शेवटी त्याचा संबंध यावा. दमट पावसाळ्याच्या सुरतेत खळीचे हे ज्ञान पुस्तकाचे आयुष्य ठरवणारे होते.

खानदेशाचा या प्रदेशाशी असलेला संबंध जुना असला तरी 1900 च्या सुमारास तापी खोऱ्याचा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर तो घट्ट झाला. खानदेशाकडे स्वतःचा कागदही होता : एरंडोल आणि यावल या गावांचे हातकागद प्रसिद्ध होते. चिंध्या किंवा ताग कुटून केलेला लगदा साच्यावर उचलायचा, वाळलेल्या तावाला खळ द्यायची आणि दगडाने घोटून तो लेखणीसाठी गुळगुळीत करायचा, ही हातकागदाची सर्वसाधारण रीत होती. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा व्यवसाय मागे पडला. त्याच खानदेशातून पुढे यंत्रमागांवर आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि भेस्तान या भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यम आहे, ते या वस्तीमुळेच. मराठी घरांत जून महिन्यात एक अलिखित कार्यशाळा भरत असे : गेल्या वर्षीच्या वह्यांतील उरलेली कोरी पाने सोडवून, एकसारखी लावून, आई किंवा थोरले भावंड दाभणाने भोके पाडून त्यांची नवी वही शिवीत असे आणि तिला खाकी कागदाचे वेष्टन घालीत असे. या वहीची नोंद कोणत्याही संग्रहालयात नाही. तरीसुद्धा बाड आणि चोपडा यांची ती थेट वारस आहे, आणि पुस्तकबांधणीच्या इतिहासकाराने तिला आपल्या विषयाबाहेर ठेवणे हा मोठा अन्याय ठरेल.

हाताने पुस्तक बांधणे हा शिक्षणाचा विषय व्हावा, हा विचार दोन वाटांनी आला. इंग्लंडमध्ये कॉब्डेन सँडरसन या वकिलाने वकिली सोडून 1880 च्या दशकात बांधणी शिकून घेतली, आणि डग्लस कॉकरेलने 1901 साली या कलेचे पाठ्यपुस्तक लिहिले; आजच्या नागरी कार्यशाळांचे कुळ तेथपर्यंत पोहोचते. दुसरी वाट वर्ध्याची आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत हातकागदाला पुन्हा उभे केले. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याजोग्या हस्तव्यवसायांत सूतकताईबरोबर पुठ्ठाकामही धरले, आणि फेब्रुवारी 1938 मध्ये या मूलोद्योगी शिक्षणाला काँग्रेसने मान्यता दिली ती सुरत जिल्ह्यातील हरिपुऱ्याच्या अधिवेशनात. त्याच अधिवेशनाच्या मंडपासाठी नंदलाल बोस यांनी रंगवलेली चित्रे हातकागदावर होती.

आजच्या कार्यशाळांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम एका जुजाची तीन भोकांची शिलाई, मग कडेवरून घातली जाणारी जपानी चार भोकांची शिलाई, त्यानंतर इजिप्तमधील प्राचीन ख्रिस्ती समाजाच्या नावाने ओळखली जाणारी, साखळीसारखी दिसणारी कॉप्टिक शिलाई, आणि अखेरीस कठीण पुठ्ठ्याची बांधणी. हाडाची पट्टी, टोच्या, मेण लावलेला दोरा ही हत्यारे शिकणाऱ्याच्या हाती येतात आणि पहिल्याच दिवशी वापरण्याजोगी वही तयार होते, हे या पद्धतीचे मोठे यश आहे. परंतु जपान आणि इजिप्त यांच्या या पंक्तीत चोपड्याला क्वचितच पान वाढले जाते. वास्तविक सळ पाडणे, एका गठ्ठ्यात वेष्टनासकट शिवणे आणि खारव्यावर टीप मारणे या तीन गोष्टी नवशिक्याला शिकवायला सोप्या, साहित्याने स्वस्त आणि परिणामाने टिकाऊ आहेत. शिवाय कापडाच्या नगरात त्यांसाठी लागणारे कापड दाराशी आहे. बाडाची मऊ बांधणी तर त्याहूनही सोपी आहे.

संगणकावर हिशेब लिहिले जाऊ लागल्यापासून सुरतेच्या पेढ्यांना वर्षाला अनेक चोपड्यांची गरज उरलेली नाही. दिवाळीला चोपडापूजनासाठी मात्र एक तरी लाल चोपडा विकत घेतला जातो, त्याच्या पहिल्या पानावर उतरत्या ओळींत ‘श्री’चा मनोरा लिहिला जातो, शुभ आणि लाभ लिहून कुंकू वाहिले जाते, आणि अनेकदा उरलेली सर्व पाने वर्षअखेरीपर्यंत कोरीच राहतात. हा कोरा चोपडा उसवून पाहिला, तर दोरा कोठून आत जातो, कोठे बाहेर येतो आणि गाठ कोणत्या घडीत लपवलेली आहे, हे अजूनही जसेच्या तसे वाचता येते.