चेन्नईच्या नळाचा शेवटचा टप्पा: घरमालक, प्लंबर आणि कायदा

चेन्नईच्या पाण्याचा इतिहास बहुधा तलाव, कालवे आणि दुष्काळ यांच्या क्रमाने लिहिला जातो. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून घरातल्या तोटीपर्यंतचा जो भाग घरमालकाने स्वतःच्या पैशाने ठेकेदाराकडून करून घ्यायचा असतो, त्याला मात्र त्या इतिहासात क्वचितच जागा मिळते. भिंतीत कच्चा राहिलेला सांधा, पुरेसा उतार न देता टाकलेली सांडपाण्याची वाहिनी, आगाऊ रक्कम घेऊन अर्धवट सोडलेले काम आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पोपडे सुटलेली भिंत या गोष्टी त्या त्या कुटुंबाचे दुर्दैव म्हणून सोडून दिल्या जातात. वस्तुतः त्यांच्यामागे दीड शतकाची एक व्यवस्था उभी आहे. या व्यवस्थेत सार्वजनिक पाण्याला अभियंता, मोजमाप आणि कायदा यांचे संरक्षण लाभले, परंतु घराच्या कुंपणाआतील नळाला ते फार उशिरा आणि अपुरे मिळाले.

मद्रासमध्ये संघटित पाणीपुरवठ्याचा आरंभ 1772 मध्ये, सेंट जॉर्ज किल्ल्याला पाणी देण्यासाठी शहराच्या उत्तर भागात खोदलेल्या विहिरींपासून झाला. ‘सात विहिरी’ या अर्थाचे तेथील वस्तीचे नाव, एळुकिणरु, आजही टिकून आहे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1872 मध्ये, कोसस्थलैयार नदीचे पाणी चोळवरम आणि रेड हिल्स तलावांत वळवून तेथून उघड्या कालव्याने किल्पॉकपर्यंत आणण्यात आले आणि बिडाच्या वाहिन्यांतून ते शहरात फिरू लागले. हे पाणी गाळलेले नव्हते. महापालिकेचे विशेष अभियंता जे. डब्ल्यू. मॅडली यांच्या योजनेतून 1914 मध्ये किल्पॉक येथे वाळूचे मंदगती गाळणे, म्हणजे वाळूच्या जाड थरातून पाणी सावकाश झिरपवून शुद्ध करण्याची व्यवस्था, सुरू झाले. ही आखणी 1961 साली शहरात सुमारे 6.6 लाख लोक असतील असे धरून केली होती. त्या वर्षीच्या जनगणनेत प्रत्यक्षात 17 लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदली गेली.

सार्वजनिक बाजूची ही उभारणी चालू असताना खाजगी नळाविषयी कायद्याने दोन वेगवेगळ्या वाटा धरल्या. पहिली वाट परवान्याची होती. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमात सर्वेक्षक, वास्तुविशारद आणि अभियंते यांच्याबरोबर प्लंबरलाही आयुक्तांचा परवाना देण्याची तरतूद होती, आणि चेन्नईतही पुढे जलमंडळाकडे नोंदलेल्या प्लंबरकडूनच जोडणी करून घेण्याची पद्धत रूढ झाली. अशा नियमनाचा रोख प्रामुख्याने सार्वजनिक वाहिनीवर होता: तिला गळती लागू नये, तिच्यात दूषित पाणी मिसळू नये आणि चोरून जोडणी घेतली जाऊ नये. परवान्यामुळे नगरीचे पाणी सुरक्षित राही. ग्राहकाने दिलेल्या पैशाचा योग्य मोबदला त्याला मिळाला की नाही, हा त्या नियमनाचा मुख्य प्रश्न नव्हता.

दुसरी वाट कराराची होती. रेड हिल्सचे पाणी शहरात आले त्याच 1872 साली भारतीय करार अधिनियम लागू झाला आणि करार मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क कायद्यात स्पष्टपणे मांडला गेला. लहान रकमांच्या दाव्यांसाठी मद्रास, मुंबई आणि कलकत्ता या इलाखा शहरांत लघुवाद न्यायालये होती. तथापि हा हक्क बजावण्यासाठी दोष सिद्ध करावा लागे, आणि नळकामातील दोष तर बहुतेक वेळा गिलाव्याखाली किंवा फरशीखाली गाडलेला असतो. लेखी अंदाजपत्रक नाही, वाहिन्यांचा नकाशा नाही आणि भिंत बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी घेतल्याची नोंद नाही, अशा स्थितीत एका गळक्या सांध्यासाठी वर्षानुवर्षे खटला चालवण्याऐवजी दुसरा कारागीर बोलावणेच घरमालकाला परवडत असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याच्या टंचाईने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. पूंडी जलाशय 1944 मध्ये पूर्ण झाला, 1978 मध्ये चेन्नई महानगर पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळ स्थापन झाले, तरी वाहिन्यांतील दाब अपुराच राहिला. परिणामी ठरावीक वेळी येणारे पाणी साठवण्यासाठी घराखाली ‘संप’, म्हणजे जमिनीत बांधलेली टाकी, आली. तिच्यातून पाणी वर चढवणारी मोटर, गच्चीवरची टाकी, कूपनलिकेची स्वतंत्र वाहिनी आणि पुष्कळ ठिकाणी मुख्य वाहिनीलाच जोडलेला हातपंप, असा सगळा पसारा एकेका घरात जमला. म्हणजेच प्रत्येक घर हे एक छोटे जलकेंद्र बनले, पण त्याला मॅडलींसारखा अभियंता लाभला नाही. क्षारयुक्त भूजलाने जस्तलेपित लोखंडी नळ आतून गंजत, तर त्यांच्या जागी आलेल्या प्लास्टिकच्या नळांत सांधा चिकटवण्यातील हलगर्जी बाहेरून दिसतच नसे. 2003 मध्ये तमिळनाडूने सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, तेव्हा शोषखड्ड्यांचे कामही याच ठेकेदारांकडे गेले. गच्चीवरचा गाळ अडवणारा थर नीट घातला नाही तर असा खड्डा काही पावसाळ्यांतच बुजतो, आणि कागदावर पूर्ण दिसणारे काम निरुपयोगी ठरते.

या दोषांचा भार केवळ कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1950 पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून प्लंबरचा अभ्यासक्रम शिकवला जात आला, पण या व्यवसायातील असंख्य हात मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी करूनच तयार झाले. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील प्लंबर भारतभरच्या शहरांत काम करतात, आणि त्याच जिल्ह्यातील पट्टामुंडई येथे या व्यवसायासाठी स्वतंत्र सरकारी संस्था उभी राहिली आहे. मात्र काम ठेकेदार घेतो, तो ते पोटठेकेदाराकडे देतो आणि सांधा प्रत्यक्षात रोजंदारीवरचा कामगार जुळवतो, अशा साखळीत पैसे घेणारा आणि काम करणारा वेगवेगळे असल्यामुळे जबाबदारी मधल्या मध्ये विरून जाते.

या साखळीतील ग्राहकाला वेगळे स्थान मिळाले ते ग्राहक चळवळीमुळे. मुंबईत 1966 मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, पुढच्या दशकात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, आणि मद्रासमध्ये 1985 मध्ये सिटिझन कन्झ्युमर अँड सिव्हिक ॲक्शन ग्रुप ही संस्था उभी राहिली. 1986 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘सेवेतील उणीव’ ही संकल्पना कायद्यात आणली. सेवेच्या दर्जात किंवा ती देण्याच्या रीतीत राहिलेली कसर, असा तिचा आशय आहे. 1993 मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख झाला, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी मूळ व्याख्येतही सेवाच होती असे ठरवून मनस्तापाच्या भरपाईचा हक्कही मान्य केला. 2019 च्या नव्या अधिनियमानुसार तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणीच तक्रार दाखल करता येते.

तरीही एक विषमता शिल्लक आहे. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली विकासकाकडून सदनिका घेणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून घेता येतात. स्वतःच्या जुन्या घरात नळकाम करून घेणाऱ्याला असे वैधानिक दायित्व उपलब्ध नाही, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत सर्वसाधारणपणे 2 वर्षांचीच आहे. मंद झिरप मात्र भिंतीवर दिसू लागायला पुष्कळ काळ घेऊ शकते.

1976 च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातील प्रत्येकी 5 अब्ज घनफूट कृष्णेचे पाणी या शहरासाठी देऊ केले, आणि कालवे पार करत ते 1996 मध्ये तमिळनाडूत पोहोचले. तीन राज्यांनी सोडलेले पाणी घरातल्या एका निकृष्ट सांध्यातून भिंतीत मुरत असेल, तर ते नुकसान त्या घरापुरते उरत नाही. म्हणून खाजगी नळकामालाही सार्वजनिक कामाची शिस्त लागू व्हायला हवी: लेखी करार, वाहिन्यांचा नकाशा, भिंत बुजवण्याआधी घरमालकासमोर घेतलेली आणि नोंदवलेली दाबचाचणी, आणि ठरावीक वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी. या नोंदींमुळे फसवल्या गेलेल्या घरमालकाच्या हाती पुरावा राहील, आणि प्रामाणिक कारागिरालाही आपले काम चोख होते हे दाखवता येईल.