दोन कवड्या, तीस दिवस

गेल्या रमजानात मेहकरला नातवाने माझ्याशी सौदा मांडला. "नाना, पहिल्या रोज्याला दोन रुपये, दुसऱ्याला चार, मग रोज दुप्पट." मी कागद पुढे ओढला. तीस रोज्यांचे झाले २,१४,७४,८३,६४६ रुपये. चाँद एकोणतीसला दिसला तर जवळपास निम्म्यात सुटका, पण तेही १०७ कोटींच्या वर!

हा सौदा जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त तो घातला आहे. दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करतो. उत्तर हेच, फक्त कवड्यांत. त्यांचे १,०४,८५७ निष्क होतात आणि वर थोडी मोड उरते.

गंमत रीतीत आहे. तीस वेळा दुप्पट करायची गरजच नाही. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. तीसपासून शून्यापर्यंत आठच पायऱ्या. मग खालून वर चढायचे: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. शेवटच्या आकड्यातून एक काढा, दोनने गुणा, झाले.

भास्कराचार्यांच्या आधी सुमारे दीडशे वर्षे, अल-बिरुनीने बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची बेरीज अशीच वर्गावर वर्ग करून काढली होती. ती आली १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

आपल्या कवड्यांचा आकडा मात्र फार मोकळा आहे. तो २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ या सगळ्यांनी भागला जातो. ३ ने तर दोनदा. त्यात एक मिळवा, की २१४७४८३६४७ कशानेच भागला जात नाही. तो मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. बऱ्याच जुन्या संगणकांची मोजणीही याच आकड्याला थांबते.

नोकरीत असताना एका सहकाऱ्याने मला विचारले होते, "गणित आमच्या पूर्वजांचं. तुमचा त्यात काय संबंध?" तेव्हा मी गप्प बसलो. आज फैजीचे नाव घेईन. अकबराच्या सांगण्यावरून त्याने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. नाव तेच ठेवले. घटिकापात्रात मोती पडला आणि लीलावतीचा मुहूर्त टळला, ही शाळेत सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट त्याच्याच प्रस्तावनेतून पसरली. ती खरी असेल असे मला वाटत नाही, पण सांगितली छान आहे. त्याचाच धाकटा भाऊ अबुल फजल. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना त्याने आमच्या मेहकरजवळच्या लोणारची नोंद केली. तिथल्या खाऱ्या पाण्याची, काच आणि साबणाला लागणाऱ्या मालाची. एका भावाने कवड्यांचा हिशेब उतरवला, दुसऱ्याने आमच्या तळ्याचा.

नातवाने शेवटी पाचशे रुपयांवर तोड केली. आठ पायऱ्या मात्र त्याने वहीत उतरवून घेतल्या, आणि ईदला मामाकडे जाताना वही सोबत नेली.