गर्भिणीचे ताट

आपल्याकडे गर्भारपण हा कौतुकाचा काळ. जिला एरवी ‘काय खाशील?’ म्हणून कोणी विचारीत नाही, तिचे या दिवसांत डोहाळे पुरवावयाचे, ओटी भरावयाची, अशी रीत. पण डोहाळजेवणाची पंगत उठली की त्याच सुनेने पुन्हा सर्वांमागून, उरल्यासुरल्यावर भागवावयाचे, हीही रीतच. तिच्या ताटात रोज नेमके काय पडते, याची चौकशी शंभर वर्षांपूर्वी मुंबईत झाली आणि तीतून एका जीवनसत्त्वाचा माग लागला. हैदराबादेत बसून ही कथा सांगण्याचे कारण पुढे येईलच.

१९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गरीब वस्त्यांतून, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या बायांत, गर्भारपणी एक विलक्षण पंडुरोग आढळे. चेहरा पांढराफटक पडे, दोन पावले चालताच धाप लागे, आणि बाळंतपणाच्या आगेमागे कित्येकजणी दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तो रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. साध्या पंडुरोगावर लोह चालते. येथे ते निरुपयोगी ठरे. पाश्चात्य वैद्यकास ठाऊक असलेल्या ‘पर्निशस अ‍ॅनिमिया’शी या रोगाचे साम्य होते; परंतु त्या रोगात मज्जातंतूंना जी इजा पोहोचते, ती येथे दिसत नसे. भारतातील मातांच्या मृत्यूंचा शोध घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी या कोड्यासाठी लंडनहून ल्यूसी विल्स यांना बोलावून घेतले.

विल्सबाई मूळच्या केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकलेल्या. डॉक्टर झाल्या त्या पुढे १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. १९२८ साली त्या परळच्या हाफकिन संस्थेत येऊन दाखल झाल्या. प्रथम त्यांना जंतूंचा संशय आला, आणि प्लेगच्या लशीसाठी ख्यातनाम झालेल्या त्या वास्तूत हा संशय स्वाभाविकच म्हणावयाचा. त्यांनी तपासण्या केल्या, पण जंतू काही हाती लागेना. मग त्यांनी चुलीकडे मोर्चा वळविला. कोणत्या थरातील बाई काय खाते, काय खात नाही, हे घरोघर विचारून नोंदविले. ज्यांचा आहार सर्वांत निकस, अशा गरीब मुसलमान स्त्रियांतच रोगाचे प्रमाण सर्वाधिक, असे दिसून आले. या कामात मानेक मेहता आणि तळपदे हे त्यांचे सहकारी होते. विल्सबाईंचेच नाव जेथे विस्मृतीत गेले, तेथे या दोन नावांची आठवण कोण ठेवणार!

१९२९ च्या उन्हाळ्यात हे काम कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत हलले. निलगिरीच्या त्या थंड गावी सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांची आहारविषयक प्रयोगशाळा होती. मुंबईच्या त्या बायांच्या जेवणासारखेच अन्न विल्सबाईंनी उंदरांना घातले. गाभण माद्यांना पंडुरोग झाला, आणि अन्नात यीस्ट मिसळताच तो टळला. दुर्दैवाने उंदरांना उवांवाटे एक रोग जडलेला निघाला, त्यामुळे त्या निष्कर्षावर पुरता भरवसा ठेवता येईना. तेव्हा माकडांवर प्रयोग सुरू झाले. त्यांतील एक माकड अगदी मरणाच्या दारी होते. त्याला ‘मार्माइट’ चारले, आणि ते झपाट्याने सुधारले.

मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळसर, खारट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात, आणि तेथेही त्याच्या चवीविषयी दोन तट आहेत म्हणे. यकृताच्या मानाने तो स्वस्त होता. रुग्ण स्त्रियांना तो देताच काही दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशींचा जणू पूर लोटला. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आत गुणकारी काय आहे हे अज्ञात. म्हणून त्याला ‘विल्स-घटक’ असे नाव पडले. १९३७ साली बाईंनी सहकाऱ्यांसह आणखी एक गोष्ट दाखविली. यकृताचा कच्चा अर्क या रोगावर चालतो. पण तोच शुद्ध केला म्हणजे, पर्निशस अ‍ॅनिमियावर उत्तम असूनही, येथे व्यर्थ ठरतो. अर्थात हे द्रव्य निराळे होते.

त्याची ओळख पटली ती अमेरिकेत. १९४१ साली टेक्सासच्या रसायनज्ञांनी चार टन पालक घोटून त्यातून ते वेगळे काढले. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून ते ‘फॉलिक अ‍ॅसिड’. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी त्यांनी आपले भाऊ संग्रहणीने गेलेले पाहिले होते, आणि संग्रहणीतील पंडुरोगावरही हेच द्रव्य लागू पडते. इकडे कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली आपल्या हैदराबादेत आली. १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तार्नाक्यावरून आपण नित्य जातो, पण आतल्या कामाचा वंश परळपर्यंत पोहोचतो, हे कितीजणांना ठाऊक असते?

विल्सबाईंचे १९६४ साली निधन झाले. आपल्या शोधाचे दुसरे फळ त्यांना दिसले नाही. गर्भाच्या मेंदूची व कण्याची नळी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. ती उघडी राहिली तर मूल जन्मतःच अधू होते किंवा जगतच नाही. ज्या मातांना असे मूल पूर्वी झाले होते, त्यांनी आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर हा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे १९९१ साली सात देशांतील चाचणीने सिद्ध केले.

आपल्या सरकारने १९७० साली गर्भवतींना लोह व फॉलिक अ‍ॅसिड यांच्या गोळ्या वाटण्याची योजना आखली. उपाय चोख, किंमत नगण्य. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के, गर्भवती रक्तक्षयी निघाल्या, आणि हा आकडा आधीच्या पाहणीपेक्षा दीड-दोन टक्क्यांनी वाढलेलाच आहे. गोळ्या किती वाटल्या याचा हिशेब ठेवणे सोपे. मुंबईच्या त्या निबंधमालेत विल्स आणि तळपदे यांच्या नावाने जो भाग निघाला, त्यात औषधाचा हिशेब नव्हता. शहरातील स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात, याचीच ती पाहणी होती.